कूलर चालू, खोली मात्र गरमच!

मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालन्याच्या अलीकडे बदनापूर लागते. तुरीच्या ‘बीडीएन’ वाणांमुळे हे नाव शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणे येथेही पारा चाळिशी ओलांडतो आणि खिडक्यांना पत्र्याचे कूलर लागतात. थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते, “कूलर चालू आहे, पण गार वाटतच नाही.” मग कोणी पंप बदलतो, कोणी मोटर. खर्च होतो, गारवा येतोच असे नाही. दोष नेमका कोठे आहे, हे साध्या तापमापकाने शोधता येते. कसे ते पाहू.

गारवा येतो कोठून?

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कूलरची हवा गार होते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते आणि कूलरमध्ये ती ओल्या गवतातून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते. ताशी ५ लिटर पाणी उडाले, तर उष्णता काढून घेण्याचा वेग सुमारे ३.३ किलोवॅट होतो. एक टनाच्या वातानुकूलकाची क्षमता साधारण ३.५ किलोवॅट असते! अर्थात कूलर बाहेरची तापलेली हवा गार करून आत घेतो आणि ती पुन्हा बाहेर जाते, त्यामुळे हा सगळा गारवा खोलीत राहत नाही.

पण हवा किती गार होऊ शकेल, याला मर्यादा आहे. ही मर्यादा ओला तापमापक दाखवतो. तापमापकाच्या फुग्याला सुती कापडाची वात गुंडाळा, तिचे टोक पाण्यात बुडवा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. पारा उतरून एका अंशावर स्थिर होतो. कूलरची हवा त्याखाली जाऊ शकत नाही.

तीन आकडे, तीन निदाने

बाहेर सावलीत कोरड्या आणि ओल्या तापमापकाची नोंद घ्या. तिसरी नोंद कूलरच्या तोंडाशी घ्या. समजा, मे महिन्याच्या दुपारी कोरडा ४१ अंश, ओला २३ अंश आणि कूलरची हवा २८ अंश सेल्सिअस आहे. शक्य असलेली घट १८ अंश, प्रत्यक्ष घट १३ अंश. म्हणजे कूलर सुमारे ७२ टक्के काम करतो आहे. हे चांगले काम झाले.

पहिली शक्यता : कूलरची हवा २८ ऐवजी ३४ अंश आहे. येथे दोष कूलरमध्येच आहे. आधी गवत पाहा. ते खाली दबले असेल, तर वरच्या मोकळ्या भागातून गरम हवा न भिजता आत येते. गवतावर कोरडे पट्टे दिसले, तर पाणी सोडणाऱ्या नळीची भोके बुजली असण्याचा संभव आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडते, क्षार मागे राहतात. एका लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार धरले, तर ४० लिटर पाणी उडाल्यावर ४० ग्रॅम क्षार कूलरमध्ये साठतात. म्हणून नुसते वरून पाणी भरत न राहता टाकी अधूनमधून रिकामी करावी. पंखा मंद फिरत असेल, तर कमी व्होल्टेज किंवा निकामी कपॅसिटर हे कारण असू शकते.

दुसरी शक्यता : कूलरची हवा २८ अंश आहे, तरी खोलीत घामाघूम व्हायला होते. कूलर निर्दोष आहे, दोष खोलीच्या मांडणीत आहे. ओलसर हवेला बाहेर जायला वाट हवी. दारे-खिडक्या बंद असतील किंवा कूलर खोलीच्या आतच ठेवला असेल, तर तीच हवा पुन्हापुन्हा फिरते, आर्द्रता वाढते आणि घाम सुकत नाही. समोरची खिडकी उघडा.

तिसरी शक्यता : जूनअखेर कोरडा ३२ आणि ओला २८ अंश आहे. येथे मिळण्याजोगी घटच चार अंशांची आहे. नवे गवत किंवा नवा पंप आणून उपयोग नाही. पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा.

वातानुकूलकाचे काय?

त्याचे तंत्र उलटे आहे. तो खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, म्हणून दारे बंद हवीत. सोबत कूलर लावला, तर बाष्पाचा भार वाढतो. वातानुकूलक गार करीत नसेल, तर आधी आतली जाळी आणि बाहेरच्या भागावरची धूळ साफ करावी. त्यातला वायू बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झालाच असेल, तर गळती आहे. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

दोन इशारे

पत्र्याचा कूलर, पाणी आणि वीज यांची संगत जीवघेणी ठरू शकते. तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतले अर्थिंग असायलाच हवे. पाणी भरण्यापूर्वी किंवा गवताला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. तसेच आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

१९७२ आणि २०१२-१३ चे दुष्काळ सोसलेल्या या भागात दिवसाला ४० लिटर पाणी ही लहान गोष्ट नव्हे. टाकी गळत असेल किंवा गवतातून थेंब बाहेर उडत असतील, तर ते पाणी गारवा न देताच जाते. विद्यार्थ्यांना आपापल्या घरचे तीन आकडे आठवडाभर नोंदवायला सांगा. टाकीत रोज किती पाणी भरावे लागले, हा चौथा आकडाही त्याशेजारी लिहायला लावा. पाणी भरपूर गेले आणि तापमान मात्र फारसे उतरले नाही, असा कूलर वर्गातल्या कोणाच्या घरी आहे, हे तक्त्यावरून लगेच दिसेल.