उकळत्या दरीवरून पाळण्यातून

काळ्याकुट्ट कवचाचे अंडे तुम्ही कधी पाहिले आहे काय? असे अंडे पाहायचे असेल, तर कल्पनेनेच जपानमधील हाकोने या डोंगराळ भागात चला. टोकियोच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर हे ठिकाण आहे.

सोउन्झान स्थानकात आपण रज्जुमार्गाच्या पाळण्यात बसतो. हा मार्ग १९५९ साली सुरू झाला व पुढच्या वर्षी आशी सरोवरापर्यंत पोहोचला. त्याची लांबी सुमारे ४ किलोमीटर आहे. येथील पाळणा एका दोराला टांगलेला नसून दोन समांतर दोरांना धरलेला असतो. त्यामुळे वारा जोराचा असला तरी तो फारसा हेलकावत नाही.

पाळणा डोंगराचा माथा ओलांडतो आणि एकाएकी खालची हिरवी झाडी संपते. सुमारे १३० मीटर खाली उघडीबोडकी, पिवळसर दरी दिसते. तिच्या कुशीतून पांढरे लोट उसळत असतात. ही ओवाकुदानी, म्हणजे ‘मोठी उकळती दरी’. पूर्वी लोक हिला ‘मोठा नरक’ म्हणत!

ते पांढरे लोट म्हणजे वाफ, असे तुम्ही म्हणाल. पण खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. थंड हवा लागताच वाफेचे सूक्ष्म जलबिंदू बनतात व ते आपल्याला दिसतात. चहाच्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहा. तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. पांढरा लोट थोडा पुढे सुरू होतो.

मग या दरीखाली चूल कोणी पेटवली? पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे. जपानजवळ पॅसिफिक महासागराचा भूपट्ट खाली घुसत आहे. खोल गेल्यावर त्यातील पाणी बाहेर पडून वरच्या तप्त खडकांत शिरते. पाण्यामुळे खडकांचा वितळणबिंदू उतरतो, ते अंशतः वितळतात आणि शिलारस तयार होतो. हाकोने हा अशाच शिलारसावर उभा असलेला जिवंत ज्वालामुखी आहे. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी त्याच्या उताराचा मोठा भाग कोसळला व नदीचा प्रवाह अडला. त्यातूनच आशी सरोवर जन्माला आले.

येथील स्नानगृहांना मिळणारे सर्वच गरम पाणी मात्र आयते झऱ्यांतून येत नाही. ओवाकुदानीत विंधणविहिरींतून वर येणारी ज्वालामुखीची वाफ साध्या पाण्यात मिसळतात आणि तयार झालेले उष्णोदक नळांनी खालच्या वस्त्यांना पुरवतात.

प्रत्येक गरम झऱ्याखाली ज्वालामुखी असतो असे मात्र समजू नका. आपल्या गणेशपुरीच्या कुंडांखाली जिवंत ज्वालामुखी नाही. तेथे पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते व पुन्हा वर येते.

आता ते काळे अंडे! स्थानकाबाहेर पाऊल टाकताच सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड वायू. साधी अंडी प्रथम सुमारे ८० अंशांच्या कुंडात उकडतात. तेव्हा पाण्यातील लोह त्यांच्या सच्छिद्र कवचाला चिकटते. नंतर ती वाफेवर ठेवली की त्या लोहाचा या वायूशी संयोग होतो व काळे लोह सल्फाइड बनते. कवच सोलले तर आतले अंडे नेहमीसारखे पांढरेशुभ्र! असे एक अंडे खाल्ले की आयुष्य सात वर्षांनी वाढते, असे तेथे गमतीने सांगतात.

परंतु याच वायूमुळे आयुष्य कमीही होऊ शकते. त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे होत नाही. म्हणून तेथे नाकावर विसंबत नाहीत. उपकरणे वायूचे प्रमाण सतत मोजतात. दमेकऱ्यांना व हृदयविकार असलेल्यांना तर तेथे न जाण्याचाच सल्ला दिला जातो.

२०१५ सालच्या एप्रिलअखेर हाकोनेत लहान लहान भूकंपांची संख्या वाढू लागली. ६ मे रोजी जपानच्या हवामान खात्याने धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेली. दरी पर्यटकांना बंद झाली, पाळणेही थांबले. ऐन हंगामात अनेकांची निराशा झाली असेल. पण जूनच्या अखेरीस दरीत खरोखरच लहानसा उद्रेक झाला! त्या वेळी तेथे एकही पर्यटक नव्हता. संपूर्ण रज्जुमार्ग पुन्हा सुरू व्हायला २०१६ सालचा जुलै उजाडला. २०१९ मध्येही पातळी वाढताच पाळणे काही महिने थांबवले होते.

मित्रांनो, स्नानाचे पाणी तापवणारी आणि दरी हादरवणारी उष्णता एकच आहे. ती विझवणे माणसाच्या हाती नाही. तिच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवणे आणि उपकरणांनी इशारा देताच माघार घेणे मात्र त्याच्या हाती आहे. म्हणून पुढे कधी अशा ठिकाणी गेलात आणि ‘आज पाळणा बंद’ अशी पाटी दिसली, तर हिरमुसू नका. कोणीतरी तुमच्यासाठी जागे आहे, एवढाच त्या पाटीचा अर्थ!