गाडीचा शेवटचा थांबा कोठे असावा?

आगगाडी शेवटच्या स्टेशनात शिरली म्हणजे तिचा प्रवास संपतो. उतारूचा मात्र संपत नाही. हातात पिशव्या, कडेवर मूल आणि पाठीमागे म्हातारी आई, अशा स्थितीत त्याला अजून घर गाठावयाचे असते, इस्पितळ गाठावयाचे असते किंवा पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी कारखान्याचे फाटक गाठावयाचे असते. या उरलेल्या वाटेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न शेवटचे स्टेशन ठरविताना सुटतो किंवा बिघडतो. म्हणून हा विषय केवळ इंजिनियरांचा नव्हे, तुमचा-आमचाही आहे.

आपल्या कोल्हापुरास हा प्रश्न फारसा पडला नाही. १८९१ साली मिरजेहून रूळ येथवर आले आणि येथेच संपले. परंतु आपली गाडी ज्या मुंबईस जाते, तेथे हा प्रश्न पावणेदोनशे वर्षे चालू आहे. लांबची गाडी शहराच्या पोटात न्यावी, की वेशीवर थांबवावी?

प्रथम रेल्वेची अडचण समजून घेऊ, कारण ती खोटी नाही. वाटेवरच्या स्टेशनात गाडी चार-दोन मिनिटे थांबते व फलाट मोकळा होतो. शेवटच्या स्टेशनात तसे होत नाही. उतारू उतरावयाचे, इंजीन सोडवावयाचे, रिकामे डबे धुण्यासाठी यार्डात न्यावयाचे, पाणी भरावयाचे, तपासणी करावयाची, आणि तेच डबे पुन्हा फलाटावर आणून लावावयाचे. एका गाडीसाठी रुळांवरून किती फेऱ्या होतात पाहा. मुंबईसारख्या शहरात रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसे लोकल गाड्यांनी ये-जा करतात. रूळ अपुरे पडले म्हणजे लांबची गाडी लोकलची वाट अडविते, आणि लोकल लांबच्या गाडीची. जागा वाढविणेही सोपे नाही. २०२४ साली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे दोन फलाट चोवीस डब्यांच्या गाडीपुरते लांब करावयाचे होते, तर त्यासाठी ३६ तासांचा मेगाब्लॉक घ्यावा लागला. सगळ्या गाड्या शहराच्या टोकापर्यंत न्या, असे म्हणणे सोपे आहे. नेणे सोपे नाही.

आता मुंबईने हा प्रश्न कसकसा सोडविला ते पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्यास निघाली ती बोरीबंदरहून. नावातच बंदर आहे. माल जहाजातून जेथे उतरे, तेथे रूळ नेले. पश्चिमेकडील रेल्वेने १८७३ साली कुलाब्यास स्टेशन काढले, आणि त्या काळी कापसाचा बाजारही कुलाब्यासच होता. स्टेशन धंद्याच्या मागे गेले, हा त्या काळचा न्याय. पुढे शहर वाढले, बॅकबेला भर घालण्याचे काम निघाले, कुलाब्याच्या जमिनीला सोन्याचे मोल आले. १९३० च्या डिसेंबरात मुंबई सेंट्रल उघडले व कुलाबा कायमचे बंद झाले. लांबची गाडी तीन-चार मैल मागे सरकली. तरी उतारू उघड्यावर पडला नाही, कारण मुंबई सेंट्रलच्या आवारातच चर्चगेटकडे जाणारी लोकल त्याच्या हाताशी होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे तिचे काम आहे.

परदेशी जाणारी आगगाडी मुंबईतून कधी सुटली नाही. परदेशी जाणाऱ्या माणसांची गाडी मात्र सुटत होती. विलायतेची टपालबोट ज्या बॅलार्ड पिअरला लागे, त्या धक्क्यावरच बॅलार्ड पिअर मोल नावाचे स्टेशन होते. साहेब बोटीतून उतरला की थेट गाडीत बसे. १९२८ साली सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल एरवी कुलाब्याहून सुटे. पण थंडीच्या मोसमात, विलायतेहून साहेबलोक येण्याच्या दिवसांत, ती या धक्क्यावरून सोडीत. साहेबाला पाव मैलही पायी चालावे लागू नये म्हणून मेलगाडीचे ठिकाण बदलता येत होते! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे स्टेशन बंद पडले. त्याने शिकविलेला धडा मात्र बंद पडलेला नाही. मनात आणले तर रेल्वेला उतारूच्या पायापर्यंत येता येते. प्रश्न एवढाच की, कोणत्या उतारूच्या?

सरहद्द ओलांडणाऱ्या गाडीचा पेच आणखी निराळा. तिच्या स्टेशनात फलाटाखेरीज पासपोर्ट तपासणी हवी, कस्टम हवे, आणि परदेशी निघालेले उतारू इतरांपासून वेगळे ठेवण्याची सोय हवी. कोलकात्याहून ढाक्यास जाणारी मैत्री एक्स्प्रेस १४ एप्रिल २००८ रोजी सुरू झाली, ती गजबजलेल्या हावड्याहून किंवा सियालदाहून नव्हे, तर चितपूरच्या नव्या कोलकाता स्टेशनातून. प्रारंभी ही तपासणी सरहद्दीवर होई. बायकामुलांसह साऱ्यांनी सामान घेऊन उतरावयाचे, रांगेत उभे राहावयाचे, पुन्हा चढावयाचे, आणि तेही दोन्ही बाजूंस. २०१७ च्या नोव्हेंबरात तपासणी दोन्ही टोकांच्या स्टेशनांत आणली आणि हा हेलपाटा वाचला. गाडी तीच, रूळ तेच. शेवटच्या स्टेशनाकडे नवे काम सोपविल्याने प्रवास सुसह्य झाला. २०२४ च्या जुलैत बांगलादेशातील अशांततेमुळे ही गाडी थांबली, तो भाग निराळा.

लंडनची हकीकतही उद्बोधक आहे. समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसची गाडी १९९४ साली लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात येऊ लागली. फ्रान्समध्ये ताशी ३०० किलोमीटर धावणारी ही गाडी इंग्लंडात शिरली की उपनगरी गाड्यांच्या मागे रखडे. नवा मार्ग दक्षिण लंडनमधून काढण्याचा बेत होता. तेथील रहिवाशांनी मोठा विरोध केला, आणि १९९१ साली सरकारने पूर्वेकडून येणारा मार्ग पसंत केला. त्यानुसार १४ नोव्हेंबर २००७ पासून गाडी सेंट पॅन्क्रास या १८६८ सालच्या जुन्या स्टेशनात येऊ लागली. तेथे उत्तर इंग्लंडच्या गाड्या शेजारीच आणि भुयारी रेल्वेचे अनेक मार्ग पायाखाली. परंतु चुकाही झाल्या. वॉटर्लूचे बांधलेले फलाट पुढे कित्येक वर्षे ओस पडले. स्ट्रॅटफर्ड येथे ‘इंटरनॅशनल’ नावाचे स्टेशन २००९ साली उघडले, पण परदेशी गाड्या तेथे थांबल्याच नाहीत. पाटी लावल्याने स्टेशन होत नाही. गाडी थांबावी लागते.

आता पुन्हा मुंबईस येऊ. बोरीबंदरावरील भार हलका करण्यासाठी १९९१ साली कुर्ल्यास टर्मिनस काढले. आज त्यास लोकमान्य टिळकांचे नाव आहे. जागा ऐसपैस, यार्डास वाव, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने निवड योग्यच. उत्तर प्रदेश, बिहार आणि दक्षिणेकडून पोटासाठी येणारा कष्टकरी येथे मोठ्या संख्येने उतरतो. मुंबई सेंट्रलची जी गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली, ती येथे नाही. लोकलचा फलाट याच आवारात नाही. टिळक नगर किंवा कुर्ला स्टेशनापर्यंत ओझे वाहत जावे लागते, नाहीतर रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते. कोकणवासीयांचेही तसेच. रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत येई. करोनाच्या टाळेबंदीनंतर ती दिव्यासच थांबू लागली. दिव्याहून दादरपर्यंतचा प्रवास सामानासह खचाखच भरलेल्या लोकलमधून, हे सांगावयास नकोच.

याच कुर्ल्यापासून जवळ, वांद्रे-कुर्ला संकुलात, अहमदाबादच्या ५०८ किलोमीटर लांबीच्या बुलेट ट्रेनचे शेवटचे स्टेशन जमिनीखाली योजिले आहे. तेथून भुयारी मेट्रो हाताशी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात ती आरेपासून कफ परेडपर्यंत सलग झाली. निवड चांगली आहे, असे मी मोकळेपणाने म्हणतो. मोठ्या शहरास एकच मध्य नसतो आणि प्रत्येक गाडी बोरीबंदरावर नेण्याचा हट्ट आज धरता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या काळजीने महागड्या तिकिटाच्या उतारूसाठी पुढची वाट आखली जाते, त्याच काळजीने ती जनरल डब्यातल्या उतारूसाठीही आखली जावी.

आणि स्टेशनावर पोट असणाऱ्यांचे काय? हमालाचा बिल्ला एका ठरावीक स्टेशनाचा असतो. गाडी दुसरीकडे गेली म्हणून बिल्ला आपोआप तिच्या मागे जात नाही. चहावाला, टॅक्सीवाला, रात्री निजावयास खाट देणारा, साऱ्यांची रोजी गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. स्टेशन हलविताना जमिनीची किंमत मोजली जाते, रुळांची मोजली जाते. ही रोजी कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

शेवटी आपल्या दारचे उदाहरण. जुन्या मंडळींना आठवत असेल, १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत मुंबईस जाणाऱ्या कोल्हापूरकरास पुण्यास उतरून गाडी बदलावी लागे. ब्रॉडगेज आली, ती दगदग संपली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री एक्स्प्रेस बंद पडली आणि २०२३ साली सुरू झाली ती पुण्यापर्यंतच. कागदावर ‘गाडी पूर्ववत सुरू’ असे लिहिता येईल. पण टाटा इस्पितळात निघालेल्या रोग्याला पुण्याच्या फलाटावर पुन्हा पन्नास वर्षांपूर्वीची दगदग भेटली. मजुराचा एक खाडा वाढला.

म्हणून उद्या कोणतीही गाडी कोठे थांबवावी याची चर्चा निघाली, तर नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. उतारू त्या स्टेशनातून पुढे कशाने जाणार, आणि किती पैशांत? अपरात्री उतरलेली बाई तेथे सुखरूप बसू शकेल काय? आणि जुन्या स्टेशनावर पोट असलेल्यांची सोय कोणी लावली आहे काय? या तिहींची उत्तरे लेखी मिळाली, तर गाडी वेशीवर थांबली तरी आमची तक्रार नाही. ती न मिळाली, तर गाडी शहराच्या पोटात नेली तरी उतारू मात्र वेशीबाहेरच राहील.