पट्टी कोणाची?

परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावात सप्ताहाचे भजन उभे राहते, तेव्हा पेटीवाला प्रथम विचारतो, ‘पट्टी कोणती?’ उत्तर येते, ‘काळी चार’. पखवाजी गठ्ठे ठोकून शाईचे अंग त्या स्वराला आणतो, धुमेला ओली कणीक लावतो आणि टाळ वाजू लागतात. त्या स्वराची कंपने सेकंदाला किती, हे तेथे कोणी विचारीत नाही. आणि त्यावाचून भजनाचे काही अडलेलेही नाही.

अलीकडे मात्र हा प्रश्न मोठ्या आवेशाने विचारला जातो. जगभर रूढ असलेला 440 कंपनांचा स्वर, म्हणजे आपल्या पेटीवरील मधल्या सप्तकातली पांढरी सहा, कृत्रिम आहे. 432 हाच निसर्गाचा आणि मनःशांती देणारा स्वर होय, असे सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. या दाव्यात तथ्य नाही. कंपने मोजावयाची ती सेकंदाने, आणि सेकंद हे माणसानेच ठरविलेले माप! दोहोंतील अंतरही अर्ध्या स्वराच्या सुमारे एक तृतीयांशच भरते. अर्थात 440 हाही काही ईश्वरदत्त नव्हे. फ्रान्सने 1859 साली 435 हा स्वर कायद्याने ठरविला होता. 1939 च्या लंडन परिषदेत 440 मान्य झाला, तो वाद्यवृंदांच्या सोयीसाठी. 1884 साली इटलीच्या व्हर्दीने 432 चा पुरस्कार केला खरा, परंतु त्याच्या काळी वाद्यवृंद चमकदारपणाच्या हव्यासाने पट्टी चढवीत चालले होते आणि गायकांचे गळे ताणले जात होते. त्यातला अंक सोडून द्यावा. गळ्याची काळजी तेवढी घ्यावी.

आपल्या संगीताने ती फार पूर्वीच घेतली आहे. मिरजेचा तंबोरा कोणाच्याही षड्जाला मिळतो. षड्ज गायकाचा, वाद्य त्याच्या मागून. पेटीने हा क्रम उलटा केला. पेटीचा खरा दोष 440 मध्ये नाही, तो स्वरांतरांत आहे. षड्ज 240 कंपनांचा धरला तर शुद्ध गांधार 300 वर येतो. पेटीवर तो 302 च्या पुढे सरकतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, श्रुतींची पेटीही करून पाहिली गेली. नभोवाणीने तर 1940 साली पेटीला दारच बंद केले. ते 1971 पासून थोडेथोडे उघडले. पेटी गावातून मात्र हलली नाही. ती स्वस्त, टिकाऊ आणि आवाजाने मोठी; तंबोऱ्याला हे तिन्ही गुण नाहीत.

तेव्हा पेटी राहणारच. प्रश्न आहे तो तिच्यामागे फरफटत जाणाऱ्या गळ्यांचा. बुवांच्या पल्लेदार आवाजाला काळी चार शोभते. मागे उभी राहिलेली, आवाज फुटू लागलेली बारा-चौदा वर्षांची मुले त्याच पट्टीत, वर ध्वनिक्षेपकाशी स्पर्धा करीत ओरडतात. त्यांचा गळा कोणत्या स्वरावर सुखाने बसतो, हे कोणी पाहत नाही. याला नवे वाद्य लागत नाही. पेटीवाल्याने दोन-तीन पट्ट्यांतून वाजविण्याचा सराव केला आणि मुलांच्या अभंगापुरती पट्टी काळी एकवर उतरविली, तर पखवाज्याला कणीक तेवढी पुन्हा लावावी लागेल.