पोपटाची शिकवणी : वेळ किती द्यावा?

वसंत ऋतूत इकडे व्याख्यानांचा मांडव पडतो आणि तिकडे झाडांच्या ढोल्यांत पोपटांची पिल्ले मोठी होत असतात. त्याच सुमारास ती ढोल्यांतून काढली जातात, टोपलीत घालून गुपचूप विकली जातात. आणि पिल्लू घरी आणणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात : हा बोलणार कधी, आणि याला काय काय शिकवता येईल? फुलंब्रीकडच्या माणसाला पोपट दोन नात्यांनी परिचित आहे. मक्याच्या शेतात तो चोर आणि ओसरीवरच्या पिंजऱ्यात तो मिठू!

पोपटाला शिकवण्याची हौस आजची नव्हे. वात्स्यायनाने चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत पोपट-मैनांना बोलायला शिकवणे हीही एक कला आहे. बाजारात भविष्य सांगणाऱ्याचा पोपट आपण सर्वांनी पाहिलेला असतो. पिंजऱ्याबाहेर येऊन चोचीने एक पाकीट ओढायचे व परत आत जायचे, एवढेच त्याचे काम. पाकीट ओढले की दाणा मिळतो, हे त्याला कळलेले असते. आपल्या नशिबाशी त्याला कर्तव्य नसते. अमेरिकेत स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हेच तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. हव्या त्या कृतीच्या जवळ जाणारी प्रत्येक लहान हालचाल ताबडतोब बक्षिसाने पक्की करावयाची, आणि पायरीपायरीने पुढे जावयाचे. यात मारणे, दरडावणे किंवा उपाशी ठेवणे यांना जागा नाही. घाबरलेला पक्षी शिकत नाही. तो चावायला मात्र शिकतो.

आता वेळेचा हिशेब. पोपटाचे लक्ष एका कामावर फार वेळ टिकत नाही. पाच-पाच मिनिटांचे दोन किंवा तीन पाठ, तेही दाणापाण्याच्या आधी, एवढे दिवसाला पुरे होतात. तो मान फिरवू लागला, पिसे फुलवून बसला किंवा दाणा टाकून देऊ लागला, की पाठ संपला असे समजावे. पाऊण तास बसून एकच गोष्ट घोटून घेणाऱ्यांना पोपट कंटाळतो, आणि पुढे त्यांचा हात दिसताच मागे सरतो. रोज पंधरा मिनिटे धरली तरी वर्षाचे एक्क्याण्णव तास होतात. हे थोडके नव्हे! त्यांत काय शिकवायचे, याचा विचार म्हणूनच आधी हवा.

याबाबत केलर व मेरियन ब्रेलंड या दांपत्याचा अनुभव मोलाचा आहे. त्यांनी धंदा म्हणून नाना जातींचे प्राणी शिकवले आणि १९६१ साली प्रांजळपणे लिहिले, की शिकवलेली कृती जन्मजात स्वभावाच्या आड आली तर कालांतराने स्वभावच वर येतो. पोपटाचा स्वभाव चढण्याचा, कुरतडण्याचा, ओढण्याचा. दोरी ओढणे, कडी सरकवणे, वस्तू उचलून देणे हे तो आनंदाने शिकेल. उताणे पडून मेल्याचे सोंग करणे हा खेळ पाहुण्यांना फार आवडतो; पण ज्याला सदैव ससाण्याचे भय, त्या पक्ष्याने पोट उघडे टाकून निजावे, ही अपेक्षा आम्हांस निर्दयपणाची वाटते. त्यावर एक मिनिटही घालवू नये. उलट, हातावर येणे, आपण होऊन पिंजऱ्यात परतणे, तराजूवर स्थिर बसणे ही साधी शिकवण आजारपणात उपयोगी पडते. पहिले महिने तिलाच द्यावे.

बोलण्याची गोष्ट निराळी. पोपट थव्यात राहणारा; सोबत्यांचे आवाज उचलणे ही त्याची गरज असते, आणि पिंजऱ्यात माणूसच त्याचा थवा बनतो. आयरीन पेपरबर्ग या विदुषीने ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटाला शंभराहून अधिक शब्द, रंग, आकार आणि थोडी मोजणी शिकवली. पण त्यामागे १९७७ पासून २००७ मध्ये तो मरेपर्यंतची तीस वर्षे होती, आणि दोन माणसांनी त्याच्यासमोर आपसांत प्रश्नोत्तरे करून दाखवण्याची पद्धत होती. घरच्या माणसाने त्या पायरीची आशा धरू नये. तरीही एक धडा घेण्यासारखा आहे : शब्द संगतीतून येतो. पंधरा मिनिटांच्या शिकवणीपेक्षा माणसांच्या वावरातले तीन-चार तास आणि साल न सोललेले मक्याचे कणीस त्याला अधिक हवे असते. रानात दिवसाचा मोठा भाग तो अन्न शोधण्यात घालवतो. ते काम व ती संगत काढून घेतली, की पुष्कळ पोपट स्वतःचीच पिसे उपटू लागतात. ज्या घरात दिवसभर कोणी नसते, तेथे पक्षी आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा सारा हिशेब मात्र परदेशी, पिंजऱ्यात पैदास झालेल्या बजरीगर, कॉकाटील यांसारख्या पक्ष्यांपुरताच. परदेशी पोपटांच्या ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या याद्यांत आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे. आपला कंठवाला पोपट आणि थोराड करण पोपट हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर संरक्षण अधिक कडक झाले. त्यांच्या शिकवणीला वेळ किती द्यावा, याचे उत्तर शून्य मिनिटे असेच येते.

ज्यांच्या ओसरीवर असा मिठू वर्षानुवर्षे आहे, त्यांनी हे ऐकून लगेच पिंजऱ्याचे दार उघडू नये. फार दिवस कोंडलेल्या पोपटाचे पंख दुबळे झालेले असतात, अन्न कोठे शोधावे हे त्याला ठाऊक नसते, आणि कावळे व मांजरे अंगणातच टपलेली असतात. वनखात्याला कळवावे. जाणत्यांच्या देखरेखीखाली अशा पक्ष्याला मोठ्या जाळीघरात ठेवून हळूहळू उडण्याची व चारा शोधण्याची सवय लावतात, आणि तो समर्थ झाला तरच त्याला थव्याजवळ सोडतात.