पुस्तक विकत घेतले, मालकी कोणाची?

कोसबाडच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मध्यंतरी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. ती आता तलासरी तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिकवते. "सर, पगारातून थोडे पैसे बाजूला काढले आहेत. पुस्तके वाचायचे यंत्र घ्यायचे आहे. स्वतः वाचीन, मुलांनाही वाचायला देईन. कोणते घेऊ?" किंमत, पडद्याचा आकार, बॅटरी यांची चौकशी तिने आधीच केली होती. मी तिला उलट विचारले, "घेतल्यावर ते यंत्र तुझे होईल का?" ती हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा खचितच नाही.

अर्थशास्त्रात मालकी म्हणजे एक हक्क नव्हे, अनेक हक्कांची मोळी असते. वस्तू जवळ ठेवणे, हवी तशी वापरणे, दुसऱ्याला उसनी देणे, विकणे, वारसांना ठेवून जाणे, हे सारे त्यात येते. छापील पुस्तकाची किंमत मोजली की ही मोळी आपल्या हाती पडते. दुकानदार पुन्हा घरी येऊन कपाट उघडीत नाही. ई-पुस्तकाचे तसे नाही. 'विकत घ्या' असे बटणावर लिहिलेले असले तरी बहुतेक मोठ्या विक्रेत्यांच्या करारात ग्राहकास मिळतो तो केवळ वाचनाचा परवाना. बटणावर विक्री आणि करारात भाडेपट्टी, असा हा व्यवहार आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना ही गोष्ट ग्राहकास स्पष्ट सांगणे कायद्याने भाग पाडले, ते उगाच नव्हे.

कपाटातून गेलेली पुस्तके

या परवान्याचा अर्थ काय होतो, हे जुलै २००९ मध्ये जगाला दिसले. ॲमेझॉन कंपनीच्या 'किंडल' यंत्रावर काही ग्राहकांनी जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या घेतल्या होत्या. त्या आवृत्तीच्या प्रकाशकाकडे हक्क नव्हते. कंपनीने ग्राहकांचे पैसे परत केले आणि दुरूनच त्यांच्या यंत्रांवरून पुस्तके पुसून टाकली. त्यातील एक कादंबरी '१९८४' असावी, हा दैवदुर्विलास. एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर काढलेली टिपणे निरुपयोगी झाली. त्याने दावा लावला. कंपनीने तडजोड केली आणि प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. क्षमा प्रामाणिक असेलही. पण किल्ली कोणापाशी आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पुढे २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच मिटले. ग्राहकांना पैसे मिळाले, पण पुस्तके उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने खरेदी केलेली किंडल-पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रावर नेण्याची सोय बंद केली. हमरस्त्यापासून दूर, टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या पाड्यांवर ही तारेची सोय चैन नव्हती. जिथे मोबाईलच्या संदेशासाठीही टेकडी चढावी लागते, तिथे दर वेळी जाळ्याशी जोडले जाण्याचा हट्ट धरणारे यंत्र निम्मेच कामाचे.

वाचणाऱ्यावर नजर

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. गावच्या ग्रंथालयातील नोंदवहीला कोणते पुस्तक घरी गेले एवढेच ठाऊक असते. वाचक कोणत्या पानावर थबकला, कोणत्या ओळीखाली रेघ मारली, कोठे कंटाळून पुस्तक मिटले, हे तिला कळत नाही. जोडलेल्या वाचनयंत्राला हे कळू शकते. अमुक इतक्या वाचकांनी हे वाक्य अधोरेखित केले, असे किंडल स्वतःच दाखवते. तेव्हा त्या रेघा कोठेतरी जमा होतात हे उघड आहे. २०१४ साली तर ॲडोबीच्या वाचन-प्रणालीकडून वाचकांची माहिती कसल्याही संरक्षणाविना कंपनीकडे जात असल्याचे उघडकीस आले.

"माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" असे काही सज्जन विचारतात. त्यांनी आपल्याच तालुक्याकडे पाहावे. वाढवण बंदरावरून येथे घराघरांत दोन मते आहेत. वनहक्काचा कायदा, मजुरीचा प्रश्न, एखादा नाजूक आजार, धर्माविषयीची शंका यांवर कोणी काय वाचले, याची यादी परक्याच्या हाती असणे हा गुन्ह्याचा नव्हे, निर्भयतेचा प्रश्न आहे. कोणी पाहत आहे या जाणिवेने माणूस वेगळे वाचतो, आणि वेगळे वाचणारा हळूहळू वेगळा विचार करू लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला तो यासाठीच.

अंगठा आणि 'मान्य आहे'

या भागाला न वाचलेल्या कागदाची किंमत नव्याने सांगण्याची गरज नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर सावकाराच्या घरी राबायचे, ही 'लग्नगडी'ची प्रथा येथलीच; आणि तिच्याविरुद्ध वारली माणूस उठला तोही १९४५ साली येथेच, झरी गावी. त्या यातनांशी आजच्या ग्राहकाच्या अडचणीची बरोबरी करणे अनुचित होईल. परंतु व्यवहाराचा साचा ओळखीचा आहे: कागद एका पक्षाने लिहायचा, भाषा त्याची, आणि दुसऱ्याने फक्त अंगठा उमटवायचा. आज अंगठा 'मान्य आहे' या बटणावर टेकतो एवढेच. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना मराठीतही मागण्याचा पर्याय नागरिकाला दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीविषयक तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. हा हक्क ग्राहकांनी मागितला तरच तो जिवंत राहील.

मग घ्यावे काय? मी माझ्या विद्यार्थिनीला चार कसोट्या सांगितल्या. खाते न उघडता यंत्र चालते का? जाळे बंद ठेवून, तारेने स्वतःची पुस्तके त्यावर चढवता येतात का? 'ईपब' हा सर्वांना खुला असलेला पुस्तक-प्रकार ते वाचते का? आणि मराठी जोडाक्षरे ते नीट दाखवते का? पॉकेटबुकची यंत्रे पहिल्या तीन कसोट्यांना उतरतात. कोबो सुरुवातीला खाते मागते, पण ईपब सरळ स्वीकारते. दोन्हींवर 'केओरीडर' ही मुक्त प्रणाली बसवता येते. पुस्तकांची व्यवस्था लावण्यासाठी 'कॅलिबर' ही मोफत प्रणाली संगणकावर आहे. तिचा कर्ता कोविद गोयल हा भारतीयच. किंडल घेतलेच असेल तर जाळे बंद ठेवून आपली पुस्तके तारेने चढवावीत. साहित्य संस्कृती मंडळाची व ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत मराठी पुस्तके बव्हंशी पीडीएफ स्वरूपात असतात. सहा इंची पडद्यावर त्यांची अक्षरे मुंगीएवढी दिसतात, म्हणून परवडल्यास पडदा मोठा घ्यावा. मागवलेल्या यंत्राची हमी भारतात लागू आहे ना, हेही पाहून घ्यावे.

लेखकाला त्याचे मोल मिळाले पाहिजे आणि चोरट्या प्रतींनी त्याचे नुकसान होते, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण चोर पकडण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घराची किल्ली दुकानदाराने ठेवून घ्यावी, हा त्यावरचा उपाय नव्हे. कुलूप न लावता ई-पुस्तके विकणारे प्रकाशकही जगात आहेत. स्वस्ताईचा मुद्दाही खरा. मात्र यंत्र स्वस्त आणि दुकान एकच, अशी बांधणी झाली की ग्राहकाला दुसरीकडे जाणे महाग पडते. मक्तेदारीचा पाया असाच घातला जातो. आश्रमशाळांसाठी व सार्वजनिक ग्रंथालयांसाठी अशी यंत्रे घेताना शासनाने वरील कसोट्या निविदेतच घालाव्यात. एकट्या शिक्षिकेचे म्हणणे कंपनी ऐकणार नाही. हजार यंत्रांची मागणी मात्र तिला ऐकावी लागेल.

१९५७ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून या टेकडीवर आल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलाने शाळेच्या सोयीने वागावे असे त्यांनी म्हटले नाही. शाळेला मुलाच्या सोयीने वाकवले. पुस्तकाच्या यंत्राकडून आपण याहून वेगळे काय मागतो? माझ्या विद्यार्थिनीने अद्याप यंत्र घेतलेले नाही. करार वाचते आहे, असे तिने परवा कळवले. तिच्या वर्गातील मुलांसाठी हाच पहिला धडा ठरावा.