पाचोळ्याखालचा मुलूख

दख्खनचा केदार जोतिबा जेथे नांदतो त्या वाडी रत्नागिरीच्या डोंगराची वर्णने काही थोडीथोडकी झालेली नाहीत. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे अठरा किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर असलेले हे क्षेत्र, राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये उभारलेले तेथील काळ्या पाषाणाचे देवालय, चैत्री पौर्णिमेला आकाशात डुलणाऱ्या सासनकाठ्या, गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि देवाला प्रिय असलेला दवणा, हे सारे भक्तांनी, इतिहासकारांनी आणि सरकारी गॅझेटिअरकारांनीही आपापल्या परीने नोंदवून ठेवलेले आहे. परंतु त्याच डोंगराच्या उतारांवर, करवंदीच्या जाळ्यांखाली, आंब्या-जांभळांच्या बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यात आणि जुन्या गडग्यांच्या सांदीत जी एक प्राचीन वस्ती आहे, तिच्याकडे यात्रेकरूंचेच काय, पण वाघ-गव्यांच्या वाटा धुंडाळणाऱ्या वनप्रेमी मंडळींचेही लक्ष सहसा जात नाही. ही वस्ती सापसुरळ्यांची आहे.

आपल्याकडे सापसुरळीला सापाची मावशीही म्हणतात, आणि या नात्याचा तिला आजवर तापच झाला आहे. कारण ती विषारी आहे अशा समजुतीने दिसेल तेथे दगड घालण्याची रीत खेड्यापाड्यांत अजून आहे. वास्तविक भारतातील एकही सापसुरळी विषारी नाही. पालीसरड्यांच्या ज्या विस्तीर्ण गणगोतात ती मोडते, त्यातील तिच्या एकट्या कुळात जगभर सतराशेंहून अधिक जाती आहेत. पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगराळ मुलखात नेहमी आढळणाऱ्या तीन जाती मात्र ओळखून ठेवण्याजोग्या आहेत. पहिली मोठी, युट्रोपिस कॅरिनेटा, जिच्या पाठीवरील प्रत्येक खवल्यावर बहुधा तीन बारीक कंगोरे असतात आणि जी उन्हाला दगडावर निवांत पसरलेली दिसते. दुसरी तिच्याहून पुष्कळ लहान, ब्राँझच्या वर्णाची युट्रोपिस मॅक्युलारिया. विणीच्या काळात हिच्या नराच्या कुशी तांबूस रंगाने उजळतात. तिसरी रायोपा पंक्टाटा, जिला लिनीअसने १७५८ मध्येच शास्त्रीय नाव दिले होते. तिचे पाय इतके आखूड, की ती धावते म्हणण्यापेक्षा मातीत पोहते म्हणणेच अधिक युक्त. आणि तिच्या पिलाची शेपटी अशी लाल, की वाळल्या पानांतून निखाराच सरपटत गेल्याचा भास व्हावा.

त्या लाल शेपटीचे प्रयोजन समजून घेण्यासारखे आहे. भारद्वाज, मुंगूस किंवा मण्यार यांपैकी कोणी झडप घातली, तर ती झडप मस्तकावर न पडता शेपटीवर पडावी, हा त्या रंगाचा हेतू असावा असे अभ्यासक मानतात. शेपटीच्या मणक्यांतच जन्मतः कच्चे सांधे असतात. तेथून ती तुटते, आणि तुटलेला तुकडा कितीतरी वेळ वळवळत राहून शत्रूला गुंतवतो, तोवर मालकीण पानांखाली नाहीशी झालेली असते. नवी शेपटी उगवते खरी, परंतु तिच्यात मणक्यांच्या जागी कूर्चेचा दांडा असतो. शिवाय अडीअडचणीसाठी शेपटीत साठवलेली चरबी गेलेली असते, ती कीटक वेचवेचून पुन्हा जमवावी लागते. जीव वाचवण्याचा हा सौदा स्वस्तातला नव्हे.

या जिवाचे अवघे अस्तित्व जमिनीच्या वरच्या वीतभर थरावर अवलंबून आहे. तिच्या देहाला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. म्हणून सकाळी उन्हाचा कवडसा हवा आणि दुपारी गार कपार हवी, आणि दोन्ही चार पावलांच्या आत हवीत. पाचोळ्यातील वाळवी, रातकिडे, झुरळे, कोळी हे तिचे अन्न. सर्वांत नाजूक बाब अंड्यांची. कोंबडीच्या अंड्यासारखे त्यांचे कवच टणक नसते, ते चामड्यासारखे लवचीक असते, आणि भोवतीच्या मातीतील ओल शोषूनच ते अंडे वाढते. पानांचे आच्छादन गेले, माती तापून कोरडी पडली, की आत घडत असलेला जीव सुकून जातो. वृक्ष उभा असला म्हणजे अरण्य सुरक्षित आहे, ही आपली समजूत अपुरी आहे. वृक्ष उभा राहूनही त्याच्या तळाचे अरण्य नष्ट होऊ शकते.

सापसुरळ्या तर पुष्कळ दिसतात, त्यांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर मिळते. तेथील वनवासी सापसुरळी, इमोया नॅटिव्हिटाटिस, जगात अन्यत्र कोठेही नव्हती. पण त्या बेटावर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुबलक होती. पुढे जहाजांच्या मालाबरोबर आपल्या कवड्याच्या जातकुळीचा एक साप तेथे उतरला. बाहेरून आलेल्या पिवळ्या वेड्या मुंग्या तर तेथे आधीपासूनच होत्या. ऱ्हासाची नेमकी कारणे आणि त्यांचे प्रमाण यांविषयी मतभेद आहेत, परिणामाविषयी नाहीत. जतनाची धावपळ सुरू झाली तेव्हा हाती मोजके जीव लागले, पैदाशीला नर मिळाला नाही, आणि पिंजऱ्यातील शेवटची मादी ३१ मे २०१४ रोजी मेली. २०१७ मध्ये ही जात नामशेष झाल्याचे जाहीर झाले. जे मुबलक असते त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही, आणि म्हणून ते ओसरू लागल्याचेही वेळीच ध्यानात येत नाही.

आपल्याकडचे संकट समुद्रापारहून आलेले नाही. ते दरसाल माघ-फाल्गुनापासून डोंगरांवर लाल रेघा ओढीत जाते. जुने गवत जाळले की नवे जोमाने फुटते, या समजुतीने कोणी काडी लावतो, कोणाची विडी पडते, आणि बघता बघता सबंध उतार पेटतो. वणव्याच्या कडेला घारी आणि कोतवाल जमतात. ज्वाळांपुढे पळणारे प्राणी ते अलगद टिपतात. जी सापसुरळी दगडाच्या फटीत खोल शिरून बचावते, तिला दुसऱ्या दिवशी बाहेर काळी राख भेटते. तेथे आडोसा नाही, ओल नाही आणि कीटकही नाहीत. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ अन्वये गुन्हा आहे. परंतु डोंगरउताराचा बराच भाग गायरानाचा किंवा खाजगी मालकीचा असतो, आणि तेथे कायद्याच्या बडग्यापेक्षा गवत वेळीच कापून घेणे, जाळरेषा आखणे आणि गुरांच्या मालकांशी बसून बोलणे अधिक उपयोगी पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. गरिबाच्या गुरांना चारा लागतो, हे विसरून केलेले संरक्षण टिकत नाही.

झाडांच्या तळाचा हा थर जपायचा असतो, याची जाण जुन्या समाजाला होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे ही व्यवस्था विद्वानांच्या नजरेस आली. कित्येक देवरायांत जिवंत फांदीच काय, पडलेले वाळके लाकूडही उचलायचे नाही, असा दंडक असे. देवाच्या धाकाने पानावर पान साचत जाई, आणि त्या साचलेल्या काळाखाली सापसुरळीच्या पिढ्या निर्वेध वाढत.

सरकारदरबारीही हालचाल झाली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे रान १९५८ मध्येच अभयारण्य झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हे रान सामावणारे राधानगरी अभयारण्य आहे. आणि गेल्या काही वर्षांत जोतिबाचा शेजारी पन्हाळगड यालाही ‘संवर्धन राखीव’ क्षेत्रांच्या यादीत स्थान मिळाले. तरी या साऱ्या बंदोबस्तात गवा, बिबट्या, वाघ यांचा उल्लेख जितका ठळक, तितका जमिनीलगतच्या जिवांचा नाही. वस्तुतः शोधायचे अजून कितीतरी उरले आहे. गडचिरोलीच्या आलापल्लीचे नाव मिरवणारी सापसुरळी १९२६ मध्ये विज्ञानाला कळली, गोव्याच्या नावाची १९७६ मध्ये. आणि निमेनास्पिस कोल्हापुरेन्सिस ही, जिच्या अंगावर इंद्रधनुषी झाक उमटते अशी चिमुकली पाल, कोल्हापूरच्या या गजबजलेल्या जिल्ह्यातून २००९ मध्ये प्रथम नोंदली गेली.

आता मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जोतिबा क्षेत्राच्या विकासासाठी सुमारे २६० कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता दिली आहे. चैत्रात लक्षावधी माणसे ज्या डोंगरावर लोटतात, तेथे सोयी हव्यातच. त्याविषयी दुमत नाही. माझी सूचना लहान आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. बांधबंदिस्ती करताना जेथे भार पेलेल तेथे चुना-सिमेंटाने सांधे न बुजवता दगडावर दगड रचलेला जुन्या पद्धतीचा गडगा घालावा, कारण प्रत्येक उघडी फट हे एक घर आहे. मंदिराच्या प्राकारात झाडलोट हवीच, पण उताराच्या झाडीतील पाचोळा गोळा करून पेटवण्याचे काम कोणत्याही ठेक्यात घालू नये. यात्रेनंतरचे प्लॅस्टिक मात्र दरीत ढकलले न जाता खाली उतरवले जावे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी ज्या समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या सांगितल्या आहेत, त्यांतील वाडी रत्नागिरीच्या नोंदवहीत, दवण्याच्या खालच्या ओळीत, पहिल्या पावसानंतर गावच्या शाळेतील मुलांनी पाहिलेल्या सापसुरळ्यांची जागा, तारीख आणि संख्या दरसाल लिहिली जावी.