तळहात-तळपाय जाड होतात तेव्हा

भोर-वेल्ह्याच्या बायकांना घट्टे आणि पायाच्या भेगा नव्या नाहीत. पण घट्टा पडतो तो जिथे घासतं तिथेच. एखाद्या मुलाचे दोन्ही तळहात आणि दोन्ही तळपाय लहानपणापासून सगळीकडे सारखे जाड, पिवळसर होत गेले, घरात आजीला किंवा वडिलांनाही तसंच असलं, तर तो आनुवंशिक आजार असू शकतो. डॉक्टर त्याला केराटोडर्मा म्हणतात.

हा आजार शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. हा कुष्ठरोगही नाही. कुष्ठरोगात चट्टा बधिर होतो. शंका असली तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. कुष्ठरोगही औषधाने बरा होतो.

आजाराच्या नेहमीच्या प्रकारात आई-वडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक बाळाला, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते. काही प्रकारांत दोघंही धडधाकट दिसतात, तरी मुलाला होतो. यात कुणाचंच पाप नाही. सुनेला बोल लावू नका.

मुळापासून बरं करणारं औषध नाही, पण रोजच्या निगेने चालणं-कामं सुसह्य होतात. रात्री पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवा, वजरीने हलकेच घासा, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच युरियाचं मलम किंवा व्हॅसलीन चोळा. हे मलम औषधाच्या दुकानातलं. शेतातला युरिया चुकूनही लावू नका. ब्लेडने कातडी कापू नका. लावणीच्या चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. खाज, वास किंवा पू आला तर बुरशी किंवा जंतू लागलेत असं समजून दवाखाना गाठा. सॅलिसिलिक अॅसिडचं मलम डॉक्टरांना विचारूनच लावा, लहान मुलांना तर नक्कीच.

आता सर्वांत महत्त्वाचं. आजार जास्त असला तर डॉक्टर अॅसिट्रेटिनच्या गोळ्या देतात. त्या पोटातल्या बाळाला व्यंग आणू शकतात. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर तीन वर्षं दिवस जाऊ देता येत नाहीत. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीने, मूल हवं असलेल्या सुनेने डॉक्टरांना हे न लाजता आधीच सांगावं. दुसरीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नयेत.

रेशनला अंगठा उठत नसेल, तर आधारमध्ये डोळ्यांवरून किंवा मोबाइलच्या ओटीपीवरूनही ओळख पटते, हे दुकानदाराला सांगा. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडून ठेवा.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढे लागलं तर पुण्याच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. गटातल्या एखादीच्या घरी असं लेकरू असेल, तर पुढच्या बैठकीत तिला आपल्या शेजारी बसवूया आणि दवाखान्यात जाताना तिच्या सोबतीला एकीने जाऊया.